धाकटीचे मासे

माझ्या धाकट्या बहिणीचं संशोधन खोटं निघालं, अशी बातमी दोन हिवाळ्यांपूर्वी पांढुर्ण्यात आमच्या ओळखीच्या घरांतून फिरली. ती कुठून निघाली हे बरेच दिवस कोणाला कळलं नाही. ती माझ्या तोंडून निघाली होती.

मी सौंसरच्या एका सरकारी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माहेर पांढुर्ण्याचं, आणि सासरही तिथलंच, दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी बसने सौंसरला जायचं आणि दुपार कलल्यावर परत यायचं. मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते, त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून वर्गात हिंदीतून शिकवते, घरी आमची आपली बोली. बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. आमच्या घरात शिक्षणाला नाही म्हणणारं कोणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मोठ्या बहिणीनं त्याग केला आणि धाकटी पुढे गेली अशी गोष्ट लोकांना ऐकायला आवडते. माझी तशी गोष्ट नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा मी तीनदा दिली आणि तीनदा नापास झाले. धाकटीनं एकदा दिली. माझीच पुस्तकं, माझ्याच हातच्या नोट्स, समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा. निकालाच्या दिवशी तिच्या मोबाइलमध्ये नेट नव्हतं म्हणून तो माझ्या मोबाइलवर पाहिला. तिचा नंबर आधी मला दिसला. मी तिला हाक मारायला जरा वेळ लावला. मिनिटभरच असेल, पण तेवढं मिनिट ती पास झालेली नव्हती.

ती दूरच्या मोठ्या शहरात गेली आणि माशांवर काम करू लागली. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले मासे. त्यांच्या शेपटीचा तुकडा कापला तर दोन-तीन आठवड्यांत शेपटी पुन्हा येते, होती तशी, होती तेवढीच. कापण्याआधी त्यांना भूल देतात, हे आईनं पहिल्यांदा विचारून घेतलं होतं. कापलेल्या कडेला आधी पेशींचा एक बारीकसा गोळा जमतो. त्या पेशी अजून कशाच झालेल्या नसतात, हाड नाही, कातडी नाही, रक्तवाहिनी नाही. त्या फक्त वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग त्यांच्यातून पुढे सगळं घडतं. मी वर्गात त्यांना जनक पेशी म्हणते. धाकटीचा प्रश्न असा होता की, या पेशींना वाढा म्हणून कोण सांगतं. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथे आपला सगळा वारसा गुंडाळून ठेवलेला असतो तिथे, एक प्रोटीन जाऊन बसतं आणि कोणता भाग उघडायचा, कोणता बंद ठेवायचा ते ठरवतं, असं तिला आढळलं होतं. तिच्या प्रयोगशाळेत असे मासे तयार केले होते की पाण्यात एक औषध टाकलं की त्यांच्या अंगात ते प्रोटीन बनायचं बंद होई. औषध टाकलं की गोळा वाढत नसे. शेपटी थोटकी राही.

हे सगळं मला समजायचं, आणि समजायचं याचाच त्रास जास्त होता. शेजारणीला काही कळत नव्हतं, तर तिला सरळ कौतुक करता येत होतं. मला प्रत्येक पायरी कळायची, आणि प्रत्येक पायरीवर वाटायचं, हे मी केलं असतं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलमधला माशाचा फोटो दाखवायची. "पाहा, इथून कापलं होतं आणि इथवर आलं," म्हणून बोटानं दाखवायची. न्यूक्लियस हा शब्द तिला यायला लागला होता. मी दहा वर्षं जीवशास्त्र शिकवते, आईनं माझ्याकडून एकही शब्द उचलला नव्हता. धाकटी यायची असली की आई दोन दिवस आधीपासून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसायची, सांबारवडीसाठी. मी तर रोज येते. रोज येणाऱ्याला काय करून घालणार. हे मला कळत होतं, तरी त्या हिरव्या जुड्या बघून माझा चेहरा बदलायचा आणि मी काहीतरी निमित्त काढून माझ्या घरी निघून जायची.

त्या हिवाळ्यात ती आठ दिवसांसाठी आली. आमच्या बुद्धविहाराच्या समितीनं रविवारी तिचा सत्कार ठेवला होता. रविवारच्या वर्गाला येणाऱ्या पोरांसमोर तिनं चार शब्द बोलावेत, एवढाच बेत. आणि तिची ओळख मी करून द्यावी, असंही ठरलं होतं. मी हो म्हटलं होतं. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कागद फाडला, कारण प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत माझ्या नोट्सचा उल्लेख येत होता.

बुधवारी शाळेला सुटी होती. दुपारी आम्ही दोघी माहेरच्या गच्चीवर उन्हात संत्री खात बसलो होतो. ती फार खात नव्हती. सालीचे तुकडे करून रचत होती.

"ताई, तुले एक सांगू?" ती म्हणाली. "कोणाले सांगू नको. आई-बाबाले तर नाहीच."

"सांग."

"आमच्या इथं एक नवीन पोरगी आली. लॅबच्या मॅडमनं तिले माझाच प्रयोग परत कराले लावला. पेपर छापाले पाठवण्याच्या आधी तसं करतात, कोणी दुसऱ्यानं केलं तरी तेच येते का पाहासाठी."

"मग?"

"नाही येऊन राहिलं. औषध टाकलं तरी तिच्या माशाच्या शेपट्या वाढून राहिल्या."

"तिचंच चुकलं असन."

"दोनदा केलं तिनं. मॅडमनं पेपर थांबवला. चार वर्षं झाले, ताई. मले वाटते माझंच काहीतरी चुकलं. मी जे पाहालं, ते पाहाचं होतं म्हणून पाहालं, असं तर नाही?" तिनं रचलेले सालीचे तुकडे विस्कटले. "आता रविवारी त्या पोराईपुढं काय सांगू मी?"

मी सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला. "होईन सगळं बरोबर. तू कोणाले काही सांगू नको," म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. तिचे केस उन्हानं तापले होते. आणि मला बरं वाटलं. तिचा भार हलका झाला म्हणून नाही. आतून, छातीच्या तळाशी कुठेतरी, फार दिवसांनी मोकळं वाटलं. संध्याकाळी मी घरी जाताना आईला चिवडा करून देते म्हणाले, आणि खरंच करून दिला.

गुरुवारी सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम बसल्या. त्याही पांढुर्ण्याच्याच. त्यांचे सासरे विहाराच्या समितीत आहेत. सत्काराची कल्पनाच त्या सासऱ्यांची होती. मला हे माहीत होतं. पुढचं वाक्य बोलताना ते माझ्या डोक्यात होतं की नव्हतं, याचं खरं उत्तर मला आजही देता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुमची बहीण आली म्हणतात. आपल्या शाळेत आणा ना एक दिवस. पोरांना दाखवू, इथलीच मुलगी कुठवर गेली."

मी म्हटलं, "सध्या तिचं काही खरं नाही. ते संशोधन चुकीचं निघालं."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कोणी करून पाहिलं तर तसं होत नाही. तिनं आधी कसं काय दाखवलं होतं, कोण जाणे."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. आधीच्या वाक्यांत निदान खरं काहीतरी होतं. शेवटच्यात मी तिला लबाड ठरवलं. मॅडम "अगं बाई" म्हणाल्या. खिडकीबाहेर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या. मी त्या दिवशी वर्गात छान शिकवलं.

शनिवारी दुपारी मॅडमचे सासरे बाबांकडे आले. मी तिथेच होते, शाळेतून लवकर सुटून परस्पर आले होते. काका खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "उद्याचं जरा पुढं ढकलू म्हणतो."

बाबांनी विचारलं, "काहून? तब्येत बरी नाही काय तुमची?"

"तब्येत बरी आहे. पण आमच्या कानावर आलं का पोरीच्या कामात काही गडबड निघाली. खोटंच दाखवलं होतं म्हणतात. आता खरं-खोटं आम्हाले काय समजते. पण पोराईसमोर सत्कार कराचा, आणि उद्या कोणी काही म्हटलं, तर..."

"कोण म्हणलं?" बाबा म्हणाले.

"आता बरेच जण म्हणून राहिले."

धाकटी चहाचा ट्रे घेऊन आतून येत होती. ती दारातच थांबली. तिनं काकांकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन काकांसमोर चहा ठेवला आणि आत गेली. काका गेल्यावर मी आत गेले तेव्हा ती बॅगेत कपडे भरत होती.

"मी फक्त तुले सांगतलं होतं," ती म्हणाली.

"मी कशाले सांगू? तुमच्या लॅबमधून कोणी बोललं असन."

"माझ्या लॅबमधलं कोण पांढुर्ण्यात कोणाले ओळखते, ताई?"

ती भांडली असती तर मीही भांडले असते, जुनं सगळं काढलं असतं. ती भांडली नाही. एकच म्हणाली, "खोटं दाखवलं, असं तर मी तुले नव्हतं सांगतलं." रविवारी सकाळच्या गाडीनं ती गेली. बाबा स्टेशनवर सोडायला गेले. मी गेले नाही. आईनं फ्रीजमधून वड्यांचा डबा काढून तिच्या बॅगेत घातला, तो तिनं परत काढून ओट्यावर ठेवला, असं आईनं मला नंतर सांगितलं. आईला वाटलं, सत्कार रद्द झाला म्हणून रुसली.

पुढचे सहा-सात महिने ती माझ्याशी बोलली नाही. घरच्या ग्रुपवर सगळ्यांना मिळून लिहायची. माझ्या वाढदिवसाला एक ओळ आली, इतरांसारखीच. बाबा विहारात जायचे कमी झाले. वाचनालयात जाऊन पेपर वाचायची त्यांची जुनी सवय होती, ती मोडली. पेपर घरी मागवायला लागले. मला कारण कळत होतं. काका भेटले की तेच बोलणं निघेल याची त्यांना धास्ती होती. एका मुलीनं दुसरीबद्दल काय केलं हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला कळत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात एक दिवस मी माहेरी गेले तर आई फोनवर होती. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "धाकटीचं सापडलं."

"काय सापडलं?"

"मले काही नीट सांगता येत नाही, बाबाले विचार."

बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. त्या नव्या पोरीकडचं औषध संपलं होतं. मागवलेलं चार दिवस उशिरा आलं. तिनं शेपट्या कापून ठेवल्या होत्या, त्यामुळे औषध आल्यावर टाकलं. चार दिवसांनी काय फरक पडणार, असं तिला वाटलं आणि तिनं ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी आधीसारखंच करायचं म्हणून मुद्दाम चौथ्या दिवशी टाकलं. धाकटी कापल्याबरोबर टाकत असे. दोघींनी शेवटी शेजारी बसून, एकाच टाकीतले मासे घेऊन, रोज एका गटाला औषध द्यायचं असं केलं, तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते प्रोटीन नसेल तर जनक पेशींचा गोळा वाढतच नाही. पण गोळा एकदा तयार झाला की तेच प्रोटीन त्या पेशींना आवरायला लागतं, आता पुरे, आता हाड व्हा, कातडी व्हा, असं सांगतं. तेव्हा ते काढून घेतलं तर शेपटी थांबत नाही, नेहमीपेक्षा थोडी लांबच होते.

बाबांनी वही मिटली. "म्हणजे दोघींचंही बरोबर होतं," ते म्हणाले. "आता पेपर आधीपेक्षा मोठा होईन म्हणते. त्या पोरीचंही नाव राहीन."

मी पुस्तकी माणूस. मला ते ऐकताना अंगावर काटा आला, इतकं ते सुंदर होतं. आणि त्याच क्षणी इतकं जळलं की मला उठून गच्चीवर जावं लागलं. धाकटीचं अपयशही फुकट गेलं नाही. ज्या पोरीनं निष्काळजीपणा केला तिचंसुद्धा नाव लागणार होतं. मी सगळ्या परीक्षा प्रामाणिकपणे दिल्या, एकही दिवस उशीर केला नाही, आणि माझं नाव कुठे लागलं होतं? मी पसरवलेली गोष्ट खोटी ठरली याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला आनंद झाला नाही हे कळल्यावर मात्र मला माझी भीती वाटली. त्या बुधवारी याच गच्चीवर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती तेव्हाचं सुख आणि आताचं हे दुःख, दोन्ही एकाच जागेवरून येत होती.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये मॅडमच्या शेजारची जागा धरली.

"माझ्या बहिणीचं काम खोटं नव्हतं," मी म्हणाले. "तेव्हाही नव्हतं."

त्यांना आधी कळेना मी कशाबद्दल बोलते. मग आठवलं. "पण तुम्हीच तर म्हटलं होतं."

"हो. मीच म्हटलं होतं."

"मग तसं का म्हटलं?"

मी कारण तयार करून नेलं होतं. मला नीट माहिती नव्हती, गैरसमज झाला, असं काहीतरी. ते ओठांवर आलं, आणि वाटलं की हेही खोटंच बोलतेय. "जळत होते म्हणून म्हटलं," मी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना सांगाल का हे? मी सांगितलं तर ते म्हणतील, तूच तेव्हा एक सांगत होतीस आणि आता एक."

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, प्रोटीनसकट. प्रोटीनचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आधी वाढ म्हणते आणि मग थांब म्हणते, तेच का, म्हणून. मग म्हणाले, "पोरी, तुह्या बापाच्या घरी जाऊन मी ते बोललो. तुह्या बापानं मले चहा पाजून पाठवलं. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मी येते तुमच्यासोबत."

"तू आधी बापाले सांग. मग मी जाईन."

बाबांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते नळाचा वॉशर बदलत होते. मी बोलत असताना त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. शेवटी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मले माहीत होतं. तिनं नाही सांगतलं. तुह्या तोंडावरून समजलं होतं." मग नळ उघडून बघत, "तिले फोन कर. मले नको सांगू."

मी फोन केला. तिनं उचलला. मी माफी मागितली, आणि काकांना, मॅडमना काय सांगितलं तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "दिवस बरोबर सांगतले का? चौथ्या दिवशी टाकलं तर?"

"तर शेपटी लांब होते."

"किंचित लांब. फार नाही. नाहीतर लोक काहीतरीच समजतात."

"किंचितच सांगतलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मागच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. तिला घ्यायला स्टेशनवर मी स्कूटी घेऊन गेले. तिनं मला पाहिलं, बॅग पुढे दिली आणि मागे बसली. रस्त्यात ती पांढुर्णा आता जिल्हा झालाय तरी स्टेशनजवळचे खड्डे तेच आहेत, असं म्हणाली. माझ्या वर्गाचा निकाल विचारला. मी विचारलं, "मासे कसे आहेत?"

"बरे आहेत."

दुपारी मी ओट्याशी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या खोलीत ती आईला काहीतरी नवीन सांगत होती. माशाच्या हृदयाचं होतं. हृदयाला जखम केली तर तिथेही तसेच पेशींचे गोळे जमतात का, असं काहीतरी. आई "अच्छा, अच्छा" म्हणत होती. तिला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. मला कळलं असतं. तेच प्रोटीन तिथेही आहे का, तिथेही ते आधी वाढ म्हणून नंतर थांब म्हणतं का, असे चार प्रश्न माझ्या तोंडाशी आले होते. मी भाकरी तव्यावर टाकली आणि ऐकत राहिले. मध्येच ती आवाज हळू करून काहीतरी बोलली, आणि आई म्हणाली, "नाही, नाही सांगत कोणाले." मला आईचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.